अमेरिकन कॉलेजचा गुन्ह्यांचा तक्ता कसा वाचायचा

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलामुलींच्या इनबॉक्समध्ये सप्टेंबर सरता सरता कॉलेजचा एक मेल येऊन पडतो. विषय असतो 'ॲन्युअल सिक्युरिटी रिपोर्ट'. आत एक लिंक, लिंकमागे जाडजूड पीडीएफ. बहुतेक जण ती उघडतच नाहीत. उघडणारे थेट शेवटच्या तक्त्यांवर उडी मारतात: बलात्कार इतके, घरफोड्या इतक्या, गाड्यांच्या चोऱ्या इतक्या. प्रवेशाच्या दिवसांत हेच तक्ते घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात, दोन कॉलेजांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले जातात आणि काका-मामा मिळून निकाल देऊन टाकतात: "हे सेफ दिसतंय, ते नको."

हा निकाल कित्येकदा चुकतो. तक्ता खोटा असतो म्हणून नाही. तो नेमकं काय मोजतो आणि काय सोडून देतो, हे माहीत नसताना वाचला जातो म्हणून.

कायदा आला कुठून

पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम गावात लीहाय युनिव्हर्सिटी आहे. ५ एप्रिल १९८६ रोजी तिथल्या हॉस्टेलमध्ये जीन क्लेरी या १९ वर्षांच्या विद्यार्थिनीवर तिच्याच खोलीत बलात्कार झाला आणि तिचा खून झाला. गुन्हेगार त्याच युनिव्हर्सिटीचा विद्यार्थी होता, तिच्या ओळखीचाही नव्हता. इमारतीला आपोआप कुलूप लागणारी दारं होती. पण जाण्यायेण्याच्या सोयीसाठी मुलांनी ती काहीबाही अडकवून उघडी ठेवली होती.

जीनचे आईवडील, कॉनी आणि हॉवर्ड क्लेरी, यांना नंतर कळलं की आधीच्या तीन वर्षांत त्या कॅम्पसवर ३८ हिंसक गुन्हे घडले होते. मुलीला तिथे पाठवताना हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगण्याचं बंधनही नव्हतं. त्यांनी युनिव्हर्सिटीवर दावा लावला, तडजोड झाली, आणि १९८७ मध्ये त्यांनी कॅम्पस सुरक्षेसाठी संस्था काढली. १९८८ मध्ये पेनसिल्व्हेनियात राज्यापुरता कायदा झाला, १९९० मध्ये संपूर्ण देशासाठी. १९९८ मध्ये त्याला जीनचं नाव दिलं गेलं. तेव्हापासून सगळे त्याला 'क्लेरी ॲक्ट' म्हणतात.

या कायद्याचा स्वभाव आधी ओळखायला हवा. कॅम्पसवर किती रखवालदार हवेत, किती कॅमेरे हवेत, गुन्हे अमुक संख्येच्या आत असले पाहिजेत, असं काही तो सांगत नाही. तो एवढंच म्हणतो: जे घडलं ते मोजा आणि जाहीर करा. सरकारी विद्यार्थी-साहाय्य घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला तो लागू आहे. म्हणजे सरकारी असो की खासगी, तुम्ही नाव ऐकलेलं जवळपास प्रत्येक कॉलेज त्यात येतं. दर वर्षी १ ऑक्टोबरपर्यंत मागच्या तीन कॅलेंडर वर्षांचे आकडे आणि सुरक्षेबाबतची धोरणं छापावी लागतात, आणि ती विद्यार्थ्यांना व कर्मचाऱ्यांना कळवावी लागतात. प्रवेश घ्यायचा विचार करणाऱ्यालाही हा अहवाल मागता येतो.

मोजणी जागेवरून होते

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. आपल्याला वाटतं, तक्ता म्हणजे 'या कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झालेले गुन्हे'. तसं नाही. गुन्हा कुणावर झाला याच्याशी मोजणीला देणंघेणं नसतं. तो कुठे झाला, एवढंच पाहिलं जातं. कॅम्पसवर आलेल्या पाहुण्याला कुणी लुटलं तर ते मोजलं जातं. तुमच्या मुलाला कॅम्पसपासून अर्ध्या मैलावरच्या भाड्याच्या अपार्टमेंटसमोर कुणी लुटलं, तर ते मोजलं जात नाही.

तक्त्यात साधारण चार रकाने दिसतात. पहिला कॅम्पसचा. दुसरा कॅम्पसवरच्या हॉस्टेलांचा. हा पहिल्यातच धरलेला असतो, तेव्हा दोघांची बेरीज करू नका. तशी बेरीज करून घाबरलेले पालक पुष्कळ. तिसरा सार्वजनिक जागेचा: कॅम्पसमधून जाणारे किंवा त्याला अगदी लागून असलेले रस्ते, फुटपाथ, बागा. चौथा कॅम्पसबाहेरच्या, पण कॉलेजच्या किंवा कॉलेजने मान्यता दिलेल्या विद्यार्थी संघटनेच्या ताब्यातल्या इमारतींचा. फ्रॅटर्निटी म्हणजे मुलांचे सभासदत्वाचे क्लब; त्यांची घरं बहुधा यात येतात.

आता आपल्याकडून मास्टर्सला जाणारी मुलं राहतात कुठे? बहुतेक जण तीन-चार जणांत मिळून खासगी अपार्टमेंट घेतात. रात्री लॅबमधून निघून तिथपर्यंत चालत किंवा बसने जातात. त्यांचं घर आणि ती वाट, दोन्ही या तक्त्याच्या बाहेर. ज्या माणसासाठी आपण तक्ता वाचतोय त्याच्या दिवसाचा अर्धा भाग त्यात नसतोच, हे लक्षात ठेवूनच पुढचे आकडे बघावेत.

याचीच दुसरी बाजू म्हणजे शहराच्या मध्यात वसलेली कॉलेजं. रस्ते कॅम्पसच्या पोटातून गेलेले असतात, कधी मोठं हॉस्पिटलही कॅम्पसचाच भाग असतं. तिथे घडलेलं सगळं कॉलेजच्या नावावर चढतं. शेतांच्या मधोमध असलेल्या कॉलेजशी अशा कॉलेजची तुलना करून काही हाती लागत नाही. निदान विद्यार्थी किती आणि त्यातले हॉस्टेलवर राहणारे किती, हे तरी शेजारी लिहून घ्यावं. चाळीस हजारांचं विद्यापीठ आणि दोन हजारांचं कॉलेज यांचे नुसते आकडे समोरासमोर ठेवणं निरर्थक आहे.

लॅपटॉप कुठून गेला यावर सगळं अवलंबून

मोजायच्या गुन्ह्यांची यादी ठरलेली आहे. खून, बलात्कार आणि इतर लैंगिक गुन्हे, जबरी चोरी, गंभीर हल्ला, घरफोडी, वाहनचोरी, जाळपोळ. २०१३ च्या दुरुस्तीने घरगुती हिंसाचार, डेटिंगच्या नात्यातली हिंसा आणि पाठलाग हे प्रकार आले. दारू, ड्रग्ज आणि शस्त्रांबद्दलच्या अटका व शिस्तभंगाची प्रकरणं वेगळ्या तक्त्यात असतात. त्या तक्त्यात दारूचा आकडा मोठा दिसला तर दचकू नका. २१ वर्षांखालची मुलं बिअर पिताना सापडली, एवढाच बऱ्याचदा त्याचा अर्थ असतो.

यादीत साधी चोरी नाही. लायब्ररीच्या टेबलावरून लॅपटॉप गेला तर ती साधी चोरी, तक्त्यात शून्य. तोच लॅपटॉप हॉस्टेलच्या खोलीत शिरून कुणी नेला तर ती घरफोडी, तक्त्यात एक. सायकली, फोन, पाकिटं ही विद्यार्थ्यांची खरी रोजची डोकेदुखी, आणि तीच तक्त्यात सहसा दिसत नाही. अपवाद एकच. वंश, धर्म, मूळ देश, लिंग, लैंगिक कल, अपंगत्व अशा कारणांच्या द्वेषातून ती केली असेल, तर साधी चोरी, मारहाण, धमकावणं, मालमत्तेची नासधूस हेही द्वेषमूलक गुन्हे म्हणून मोजावं लागतं. तुमच्या दारावर कुणी धर्मावरून किंवा देशावरून शिवी खरडली तर "जाऊ दे, रंग देऊ" असं म्हणून सोडू नका. त्याची नोंद होते आणि व्हायला हवी.

आणखी एक खोच. एकाच प्रसंगात अनेक गुन्हे घडले तर बहुतेक वेळा सर्वांत गंभीर तेवढाच मोजतात. आणि गुन्हा कोणत्या वर्षी घडला ते न बघता कोणत्या वर्षी कळवला गेला ते बघतात. जुनी प्रकरणं एकदम उघड झाली की एखाद्या वर्षीचा आकडा उसळतो तो यामुळे. अशा उसळीखाली बारीक अक्षरात तळटीप असते. ती वाचल्याशिवाय मत बनवू नये.

आपल्याकडच्या पालकांच्या मनात पहिली भीती रॅगिंगची असते. तिकडे त्याला हेझिंग म्हणतात, आणि हा प्रकार कितीतरी वर्षं या मोजणीत नव्हताच. २३ डिसेंबर २०२४ रोजी नव्या कायद्यावर सही झाली, आणि १ जानेवारी २०२५ पासून हेझिंगही मोजणं बंधनकारक झालं. हे आकडे वार्षिक अहवालात पहिल्यांदा येण्याची मुदत १ ऑक्टोबर २०२६ आहे. शिवाय कोणत्या संघटनेवर हेझिंगचा ठपका आला, हे नावानिशी वेगळं प्रसिद्ध करायचं आहे. क्लब किंवा फ्रॅटर्निटीत नाव घालण्याआधी ते पान उघडून बघायला पाच मिनिटं लागतात.

शून्य दिसलं तर

मोठं निवासी कॉलेज, हजारो मुलंमुली हॉस्टेलवर, आणि बलात्काराच्या रकान्यात तीन वर्षं शून्य. व्हॉट्सॲप ग्रुपवर हे कॉलेज पहिल्या नंबरावर येईल. मी मात्र तिथेच थांबून प्रश्न विचारीन.

तक्त्यातला आकडा म्हणजे गुन्हे नव्हेत. कुणीतरी कुणाला तरी येऊन सांगितलेले गुन्हे म्हणजे तो आकडा. त्यासाठी कोर्टाचा निकाल लागत नाही, आरोपी सापडायला लागत नाही, पोलिसात तक्रारही लागत नाही. प्रामाणिकपणे कळवलं गेलं की नोंद होते. तपासाअंती 'असं घडलंच नाही' असं ठरवून नोंद काढून टाकायचा अधिकार फक्त शपथबद्ध पोलिसांना आहे, डीनला नाही. तेव्हा जिथे मुलींना वाटतं की सांगितलं तर ऐकून घेतील, तिथे आकडा चढतो. जिथे वाटतं की सांगून आपल्यावरच शेकेल, तिथे तो खाली राहतो.

हे नुसतं तर्काचं नाही. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने व्हर्जिनियातल्या लिबर्टी युनिव्हर्सिटीला १ कोटी ४० लाख डॉलर दंड केला. या कायद्याखालचा तो सर्वांत मोठा दंड. खात्याच्या तपासणीत आढळलं की गुन्ह्यांची मोजणी कमी झाली होती, आणि संस्थेच्या कडक आचारसंहितेमुळे लैंगिक अत्याचाराच्या तक्रारदारांनाच शिक्षेची धास्ती होती. त्याआधी २०१९ मध्ये मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीला ४५ लाख डॉलर, आणि २०१६ मध्ये पेन स्टेट युनिव्हर्सिटीला जवळपास २४ लाख डॉलर दंड झाला होता. दोन्ही ठिकाणी संस्थेतल्याच माणसाने वर्षानुवर्षं केलेले लैंगिक अत्याचार बाहेर आल्यावर चौकशी सुरू झाली होती. स्वच्छ दिसणारा तक्ता किती दिवस स्वच्छ दिसू शकतो, ते यातून कळतं.

म्हणून अहवालात आकड्यांआधीची कंटाळवाणी पानं वाचा. रात्री-अपरात्री तक्रार करायला कोण भेटतं? नाव न देता कळवता येतं का? दारू प्यायलेल्या मुलीने अत्याचाराची तक्रार केली तर दारूबद्दल तिच्यावर कारवाई होणार नाही, असं लिहिलंय का? अनेक कॉलेजं तसं स्पष्ट लिहितात. ज्यांनी लिहिलेलं नाही, त्यांना मेल करून विचारता येतं, आणि उत्तर कसं येतं त्यावरूनही बरंच समजतं.

कुणाला सांगितलं की काय होतं

नव्याने गेलेल्या मुलांचा सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. "मी सांगितलं होतं" असं मूल म्हणतं, पण सांगितलं कुणाला, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

९११ हा आणीबाणीचा नंबर फिरवला तर पोलिस येतात. अनेक विद्यापीठांचं स्वतःचं पोलिस खातं असतं, आणि ते नावापुरतं नसतं. त्यांना अटकेचा अधिकार असतो, कमरेला पिस्तूल असतं. लहान कॉलेजांत मात्र फक्त सिक्युरिटी असते आणि गुन्ह्याचा तपास शहराचे पोलिस करतात. आपल्या कॉलेजात कोणता प्रकार आहे, हे पहिल्याच आठवड्यात माहीत करून घ्यावं.

कायदा काही पदांवरच्या लोकांना 'कॅम्पस सिक्युरिटी ऑथॉरिटी' मानतो. विद्यार्थ्यांच्या जीवनाची जबाबदारी असलेले डीन, खेळांचे कोच, क्लबचे सल्लागार, आणि हॉस्टेलच्या मजल्यावर राहणारा तो सीनियर विद्यार्थी, ज्याला सगळे आरए म्हणतात. यांना गुन्हा कळला तर मोजणीसाठी कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. पण ही मोजणी म्हणजे पोलिस तक्रार नव्हे. आरएला सांगितलं म्हणून पोलिस तपास सुरू होईल असं नाही. दुसरीकडे, अनेक कॉलेजांत लैंगिक छळाची गोष्ट कानावर आली तर आरएला ती टायटल नाइनच्या ऑफिसला नावानिशी कळवावी लागते, तुम्ही "कुणाला सांगू नकोस" म्हणालात तरी. टायटल नाइन हा १९७२ चा वेगळा कायदा. लिंगभेदाविरुद्धच्या त्या कायद्याखाली कॉलेज स्वतःची चौकशी करतं. तिचा पोलिस तपासाशी संबंध नाही. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात, एक केली म्हणून दुसरीचं दार बंद होत नाही.

शिकवण्यापलीकडे दुसरी जबाबदारी नसलेले प्राध्यापक क्लेरी ॲक्टपुरते सिक्युरिटी ऑथॉरिटींच्या यादीत नसतात. आणि व्यावसायिक समुपदेशकाला त्याच्या कामाच्या नात्याने सांगितलेलं मोजणीसाठी कळवावं लागत नाही. काय करायचं हे अजून ठरलेलं नसेल, नुसतं बोलायचं असेल, तर पहिली पायरी कॉलेजच्या कौन्सेलिंग सेंटरची.

लैंगिक अत्याचार, जोडीदाराकडून मारहाण किंवा पाठलाग सहन करावा लागलेल्या विद्यार्थ्याला त्याचे हक्क लेखी द्यावे लागतात: पुरावा कसा जपायचा, पोलिसांत जायचं की नाही हे त्याचं त्याने ठरवायचं, खोली बदलून मिळेल, वर्ग बदलून मिळेल. पोलिसांत तक्रार केली नाही तरी ही मदत मागता येते. 'माझ्या व्हिसाचं काय होईल' या भीतीने आपली कितीतरी मुलं गप्प बसतात. गुन्ह्याची तक्रार देणं हा एफ-१ या विद्यार्थी व्हिसाच्या अटींचा भंग नाही. शंका असेल तर इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसला विचारावं, रूममेटला नव्हे.

पालकांसाठी एक कडू बातमी: तुम्ही इथून फोन करून विचारलंत तर कॉलेज बहुधा काही सांगणार नाही. १९७४ च्या कायद्याप्रमाणे कॉलेजात गेलेल्या विद्यार्थ्याच्या नोंदींवर त्याचा स्वतःचा हक्क असतो, फी कुणीही भरलेली असो. पण कॅम्पसच्या हॉस्टेलवर राहणाऱ्याला 'मी हरवलो तर यांना कळवा' असं एक गोपनीय नाव देता येतं. तो २४ तास बेपत्ता आहे असं ठरलं की कॉलेजला पोलिसांना आणि त्या व्यक्तीला कळवावंच लागतं. तो रकाना कोरा सोडू नका.

फोनवर येणारे इशारे

१६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात सकाळी सव्वासातच्या सुमारास हॉस्टेलमध्ये दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. विद्यार्थ्यांना पहिला मेल गेला ९ वाजून २६ मिनिटांनी. त्यानंतर थोड्याच वेळात त्याच मारेकऱ्याने वर्गांच्या इमारतीत आणखी ३० जणांना मारलं. इशारा उशिरा दिल्याबद्दल शिक्षण खात्याने केलेला दंड अपिलं होत होत शेवटी ३२,५०० डॉलरवर आला. दंडाची रक्कम वाचून काय वाटायचं ते वाटो, पण गोळीबाराच्या पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, कायद्यात मोठी भर पडली.

आता इशारे दोन प्रकारचे असतात. तात्काळ धोका असेल, मग तो बंदूकधारी असो, गॅसगळती असो की वादळ, खात्री होताच विलंब न लावता सूचना द्यावी लागते. दुसरा प्रकार 'टाइमली वॉर्निंग'. यादीतला गुन्हा घडून गेला आहे, पण धोका अजून टळलेला नाही, तेव्हा हा येतो. मेसेज येण्यासाठी नंबर नोंदवलेला असावा लागतो, आणि मुलं भारतातला बंद झालेला नंबर तसाच ठेवतात. अमेरिकेचं सिम घेतल्या दिवशी तो बदला.

तक्त्यापेक्षा ताजं

वार्षिक तक्ता हातात येतो तोवर शिळा झालेला असतो. ऑक्टोबरमध्ये आदल्या डिसेंबरपर्यंतचे आकडे. ताजं हवं असेल तर रोजचा क्राइम लॉग बघा. ज्या कॉलेजला स्वतःचे पोलिस किंवा सिक्युरिटी आहे, त्याला तो ठेवावाच लागतो. घटना कळल्यापासून कामाच्या दोन दिवसांत नोंद, आणि गेल्या ६० दिवसांचा लॉग कुणालाही पाहायला खुला. बरीच कॉलेजं तो वेबसाइटवरच टाकतात. यात वार्षिक तक्त्यातून गळलेली साधी चोरीही सापडते: कोणत्या इमारतीतून, किती वाजता. दोन महिन्यांचा लॉग चाळला की सायकली कुठून जातात आणि कोणत्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या काचा फुटतात, हे समजतं.

अपार्टमेंटच्या भागासाठी मात्र शहराच्या पोलिसांकडेच जावं लागतं. बहुतेक मोठ्या शहरांच्या पोलिस खात्यांच्या वेबसाइटवर गुन्ह्यांचा नकाशा असतो. पत्ता टाकून आजूबाजूचे गेल्या काही महिन्यांचे गुन्हे बघता येतात. लीजवर सही करण्याआधी तो बघा, आणि कॉलेजच्या रात्रीच्या शटलचा नकाशा शेजारच्या टॅबमध्ये उघडा. शटल त्या रस्त्यापर्यंत येते का आणि शेवटची फेरी किती वाजता आहे, हे घरमालक सांगेल त्यावर न जाता स्वतः तपासा.